मोकळे दगड

डी नदीच्या खोऱ्यात वॉटीने उभा जन्म चुन्याशिवाय दगडी बांध रचण्यात घालवला होता. त्याच्या बांधात सुरीचं पातंही शिरत नाही असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्याला आवडे.

म्हणून गावाच्या नदीमंडळाने ओढ्याचं काम त्यालाच दिलं. पूर्वी कुरणासाठी हा ओढा सरळ कापला होता. धार वाढली, तळाची खडी वाहून गेली, आणि अंडी घालायला येणारे सॅल्मन मासे यायचे थांबले. वॉटीने तळाला नवे गोटे बसवले. हिवाळ्याच्या तोंडावर मासे आले, वरून फिरले आणि माघारी गेले.

"फरशी घातलीस की रे!" मंडळाचा डॉड पुलावरून ओरडला. "बिचारे पायपुसणं शोधत होते! पुढच्या वर्षीही असंच झालं तर बाहेरचा माणूस आणावा लागेल हं."

बाहेरचा माणूस! वॉटीच्या जिवाला ते लागलं. चूक त्याला कळली होती. मादी शेपटीने खड्डा करते, अंडी पुरते. तिला सुटे दगड हवेत, अंड्यांना फटींतून पाणी हवं. उन्हाळ्यात त्याने सगळं उखडलं आणि पुन्हा मांडायला घेतलं. पण हात ऐकेनात. फट दिसली की ती बुजवायला बोटं कपची शोधायची.

"वर ये," काठावरून त्याची बायको इस्बेल म्हणाली. "वाईट काम तुझ्याच्यानं होणार नाही. तू दगड निवड, मी टाकते."

"तुला कुठं रचता येतं?"

"तेच तर! हात खिशात घाल."

ती बादल्या उपडी करत गेली, गप्पा मारत, खाली न बघता. वॉटीने मान फिरवली.

नोव्हेंबरात तिघे पुलावर उभे होते. खाली एक मोठी मादी कुशीवर झाली, शेपटी आपटली. गोटे उडाले, गडगडत गेले.

"तुझं काम मोडतेय ती," डॉड हळूच म्हणाला.

वॉटीच्या बांधातला दगड हलवणाऱ्याने, मेंढी असो की जमीनदार, आजवर त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"मोडू दे!" त्याचा आवाज जरा मोठाच निघाला. "त्यासाठीच केलंय आम्ही."

"बरं बाबा. ओढ्याचा वरचा टप्पाही तुम्हीच करा मग."

"आम्ही?" इस्बेलने विचारलं.

"टाकले तू. निवडले मी," वॉटी म्हणाला, आणि खिशातले हात काढून त्याने कठड्यावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.