ओटोच्या डोक्यावरून शुभाच्या पाटावर

मित्रांनो, माणसाची पारख करायची तर त्याच्या डोक्यावर बसून पाहावं. मी अमेरिकन फुटबॉलचं चामड्याचं हेल्मेट; तो खेळ चेंडू हातात घेऊन धावण्याचा, धडकाधडकीचा. वय नव्वदीपलीकडचं, पण एका जागी बसणं अजून जमत नाही.

एका खोगीर शिवणाऱ्याने मला ओटोसाठी शिवलं. ओटो इलिनॉयमधल्या एका छोट्या कॉलेजकडून खेळायचा. तेव्हा बहुतेक गडी उघड्या डोक्याने खेळत. "काय रे, आईने टोपडं घालून पाठवलं?" असं चिडवत. ओटो चेंडू काखेत मारून धावत सुटला की तेच त्याला खांद्यावर घेत. एके दिवशी त्याचा गुडघा मोडला. गुडघ्याला हेल्मेट नसतं! पुढच्या मोसमात त्याचं नाव कुणी काढेना. जन्मभर त्याने हार्डवेअरचं दुकान चालवलं, पण रेडिओवर सामना लागला की मला चढवून स्वयंपाकघरात लंगडत येरझाऱ्या घाली. घरचे खो खो हसत. तो गेला आणि मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडलो.

२००६ साली त्याची म्हातारी मुलगी रूथ नेपरव्हिल गावातलं ते घर विकून वृद्धाश्रमात जायला निघाली. तिथे एकच पेटी न्यायची मुभा, आणि ती कपबशांनीच भरली. मग मला संग्रहालयाला द्यायचं ठरलं. काचेच्या कपाटात, कायमचं!

शेजारच्या शुभाने हौसेने मला पुसायला नेलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. लॅपटॉप, गाडीची किल्ली, ड्रिल मशीन पाटावर मांडताना तिने मलाही मांडलं आणि ठसठशीत हळदकुंकू लावलं.

"अगं, हे म्युझियमला जायचंय!" तिचा नवरा विनय ओरडला.

"तुझा लॅपटॉप चालतो, आणि हे नाही? याने तर मार खाल्लाय, यार!"

हळद चामड्यात मुरली. मला न्यायला आलेला संग्रहालयाचा माणूस डाग पाहून नाक मुरडून निघून गेला. शुभा रडवेली झाली. "सॉरी रूथ. आमच्यात राबणाऱ्या वस्तूला वर्षातून एकदा नमस्कार करतात."

रूथ बराच वेळ त्या डागावरून बोट फिरवत राहिली. "आम्ही बाबांना नुसतं हसलो," ती म्हणाली. "तुम्ही कसे खेळायचात, हे कधी विचारलंच नाही."

मग तिने पेटीतल्या कपबशा काढून शुभाच्या हाती दिल्या आणि मला आत ठेवलं.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर जपा. पण ती वापरणारं माणूस घरात असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.