उजव्या चाकातली चकती

मित्रांनो, आमच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक पत्र होते. त्याला बरेच महिने उत्तर गेले नव्हते. माझी गोष्ट त्या पत्राच्या आधाराने सांगते, कारण नुसती माझी गोष्ट ऐकायला कोण बसणार? मी एक जुनी ब्रेक डिस्क आहे. पोळीच्या तव्याएवढी, कडेला गंज चढलेली. चाकाच्या आत राहणाऱ्यांना बोलायची सवय नसते. चुकले तर सांभाळून घ्या.

वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओतले आणि माझा जन्म झाला. माझ्यासोबत माझी जुळी बहीणही घडली. आमच्या पोटात हवा खेळावी म्हणून फटी ठेवल्या होत्या. यंत्रावर फिरवून आमचे गाल इतके गुळगुळीत केले की त्यात दिव्याचे तोंड दिसे. मग एका लहानशा लाल गाडीच्या पुढच्या चाकांत आम्हाला बसवले. बहीण डावीकडे, मी उजवीकडे. आमचे काम सांगायला सोपे होते. पायाने ब्रेक दाबला की दोन पॅड आम्हाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत. आम्ही तापायचो आणि गाडी थांबायची.

गाडी रोजच्या वापराची होती, पण तिचा स्वभाव शर्यतीचा होता. मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या आणि बोनेटखाली नुसती घाई. चालवणारीही तशीच. ती मुलांना पोहायला शिकवायची. भल्या पहाटे निघायची आणि ओल्या केसांनीच परतायची. तिचे वडील तिला भिंगरी म्हणत. ते निवृत्त पुस्तक-बांधणीकार होते, शेजारच्या सीटवर मांडीवर पुस्तक घेऊन बसत आणि डोळे मात्र रस्त्यावर ठेवत.

लोक गाडीच्या रंगाचे कौतुक करत, तिच्या आवाजाचे करत. आमचे कोण करणार? पण एकदा वळणावर एक सायकलवाले आजोबा अचानक आडवे आले. गाडी जागच्या जागी थांबली. आजोबा आपल्याच तंद्रीत पुढे निघून गेले. भिंगरीने स्टिअरिंगवर हलकेच थोपटले आणि म्हणाली, "शाब्बास गं." ती गाडीला म्हणाली हे मला कळत होते. तरी ते मी स्वतःसाठी ठेवून घेतले. आजही ते माझ्याजवळ आहे.

आता पत्राची गोष्ट. वडिलांची थोरली बहीण, अक्का, उंच टेकडीवर एकटी राहायची. वर बस जात नव्हती. एकदा आम्ही सगळे तिच्याकडे गेलो. चढणे मजेत झाले. उतरताना खालची दरी बघून वडिलांचा धीर सुटला. "हळू, बाई. हळू. अजून हळू," एवढेच ते म्हणत राहिले. त्यांना बरे वाटावे म्हणून भिंगरीने अख्खा उतार ब्रेकवर पाय ठेवूनच काढला. मी तापून लाल झाले. पायथ्याशी गाडी थांबली. त्यांना घोटभर पाणी प्यायला देतानाही तिने पाय उचलला नाही. त्या दिवसापासून ब्रेक दाबला की गाडी थरथरू लागली. ती थरथर माझी होती, आणि मला फार शरम वाटायची.

पुढच्याच महिन्यात अक्काचे पत्र आले. गुडघ्यांमुळे तिचे खाली उतरणे आता संपले होते. "गच्चीवर दोन खुर्च्या मांडते, एक रिकामीच राहते," तिने लिहिले होते. "आणि वाऱ्याने दार आपटतं. ते अडवायला तुझं एखादं जाडजूड पुस्तक आण. वाचून झालेलं आण, नाहीतर दाराशीच वाचत बसशील." वडील हसले, पत्र कप्प्यात ठेवले, आणि उत्तर राहून गेले. येतो म्हणावे तर तो उतार. येत नाही म्हणावे तर कोणत्या तोंडाने? प्रत्येक थरथरीला ते कप्प्याकडे बघत.

शेवटी भिंगरीने आम्हाला गॅरेजात नेले. गॅरेजवाल्याला सगळे मामा म्हणत. त्याने चाके काढली, माझ्या गालावरून बोट फिरवले आणि त्याला हसू आले.

"कुणी बरं एवढ्या जपून गाडी उतारावरून आणली?" त्याने विचारले. "ही वाकडी नाही झालेली. तापलेली असताना दाबून धरली, म्हणून पॅडचा थर चिकटून बसलाय."

वडील खाली बघू लागले. भिंगरी म्हणाली, "मामा, मीच. पाय माझाच होता." हे ऐकून मला ती आणखी आवडली.

थर घासून निघाला असता, पण आम्ही दोघी झिजून इतक्या पातळ झालो होतो की मामाने मान हलवली. मग त्याने बाकावर नव्या चकत्या मांडल्या. एक भोकाभोकांची, चाळणीसारखी. एक तिरक्या खाचांची. एक अगदी साधी, फक्त मधल्या भागाला गंज चढू न देणारा राखाडी लेप. प्रत्येकीला दोरीला टांगून तो हातोडीने टिचकी मारी आणि कान लावून आवाज ऐके. साध्या चकतीचा नाद गोल आणि लांब घुमला.

भिंगरीचे मन चाळणीवर होते. ती चाकाच्या आरपार दिसते, शान वाढते. मामाचीही त्याला हरकत नव्हती. त्याने सांगितले की भोकांतून पाणी चटकन निघते, पण सारखे तापवले तर भोकांपाशी बारीक चिरा पडू शकतात. खाचांची पकड चांगली, पण ती पॅड लवकर खाते आणि थोडी गुणगुणतेही. साधीबद्दल तो म्हणाला की हिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

वडील बराच वेळ घुटमळले. मग त्यांनी घसा साफ केला.

"मी यातला नाही, चुकत असेन," ते म्हणाले. "पण यातली कुठली जास्तीत जास्त दिवस कुणाच्या लक्षातही येणार नाही?"

मामाने हातोडी खाली ठेवली. "असं मला आजवर कुणी विचारलं नाही," तो म्हणाला, आणि साधी चकती पुढे सरकवली. भिंगरीने चाळणीवरून एकदा हात फिरवला. "जाऊ दे," ती म्हणाली. "दिखाव्याला रंग आहे की."

मित्रांनो, मी आयुष्यभर कुणाच्या लक्षात आले नाही, याचे मला वाईट वाटत असे. त्या क्षणी कळले, की तेच माझे चांगले दिवस होते.

माझी बहीण भंगारात गेली. ती वितळेल आणि पुन्हा काहीतरी होईल. मला वडिलांनी मागून घेतले. अक्काच्या दारासाठी.

मामाने बजावले, की नव्या चकत्या रुळेपर्यंत वेग घ्यायचा, ब्रेक दाबून कमी करायचा आणि पाय सोडायचा; पूर्ण थांबायचे नाही. उतारावरही असेच, खालच्या गिअरमध्ये. "आणि बाबा, तुम्ही हळू म्हणायचं नाही." गाडीचे काम चालले होते, तेवढ्यात वडिलांनी मामाच्या बाकावरच कागद ओढून चार ओळी लिहिल्या.

मोकळ्या रस्त्यावर भिंगरीने तसेच केले. दाबणे, सोडणे. वडिलांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. मी डिकीत होते. गाडी थरथरली नाही.

तुम्हाला एवढेच सांगते. कुठूनतरी सुखरूप घरी पोचलात, की कधीतरी चाकापाशी वाका. मोठ्यांना विचारा, चकत्या शेवटच्या कधी बघितल्या? थरथर सुरू होईपर्यंत थांबू नका.

चकत्या रुळल्या. परतीच्या वाटेवर वडील म्हणाले, "भिंगरे, त्या टपालपेटीपाशी घे." पत्र टाकण्याआधी त्यांनी ते तिला वाचून दाखवले. "अक्का, रविवारी येतो. उतरताना भीती वाटेल, पण उतरीन. पुस्तक आणत नाही, त्याहून जड वस्तू आणतो. दोन्ही खुर्च्या मांड."

गाडी पेटीसमोर थांबली. मी डिकीत मोकळीच पडले होते, पण जागची जराही सरकले नाही. शाब्बास गं, मी नव्या चकतीला मनात म्हटले. दार उघडले, चार पावले वाजली आणि पत्र पेटीत पडल्याचा हलका आवाज आला.