माझी चकाकी आधी उतरवा

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. सगळं तिथून सुरू झालं. मी एक दरवाजा बोलतोय, त्रिनिदादमधल्या अरिमा गावातल्या एका घरातला, झोपायच्या खोलीचा. त्या वेळी दहा महिन्यांची नेया मला धरून उभी राहत होती. तिने माझ्या अंगावरचा रंगाचा पापुद्रा ओढला आणि तोंडात घातला. ठसका लागला, मग आवाजच बंद. तिच्या आईने, केझायाने, लेकीला मांडीवर पालथं घालून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठे तो पांढरा तुकडा बाहेर पडला.

नेया रडली, दूध प्यायली, झोपली. केझायाने मात्र दुपारपर्यंत तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मी सिडरच्या लाकडाचा. नेयाच्या पणजोबांनी मला घडवलं. आमच्याकडे नाताळ म्हणजे घर नव्याने मांडायचं. पडदे नवे, फरशीला मेण, आणि लाकूड दिसलं की त्यावर वॉर्निशचा हात. दर नाताळला माझ्यावर थर चढला, जुना कुणी काढला नाही. मी काचेसारखा गुळगुळीत झालो. खरं सांगतो, मला त्याचा तोराही होता.

गेल्या नाताळात केझायाचा नवरा ॲन्सेल्म पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला. हॅम भट्टीत, पाहुणे रस्त्यात, आणि याचा ब्रश माझ्यावर! पुसणं नाही, घासणं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. पण अशा अंगाला रंग धरणार कुठे? फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत तो केळ्याच्या सालीसारखा सुटायला लागला.

यंदा नाताळ जवळ आला तसा ॲन्सेल्म परत डबा घेऊन उभा. "वरून एक हात मारतो. झाकून जाईल."

"झाकून जाईल आणि परत लेकीच्या घशात जाईल," केझाया म्हणाली. "याला बिजागऱ्यांवरून उतरव."

"अगं, सण तोंडावर आलाय!"

"म्हणूनच आज उतरव."

तिची सासू अर्मा नाताळचं सोरेलचं, म्हणजे आंबट लाल फुलांचं, सरबत गाळत होती. "बिनदाराच्या खोलीत नाताळ? लोक तुमचा पलंग बघून जातील! आमच्या वेळी सुना दार लावायच्या, काढायच्या नाहीत."

"नवा पडदा लावते ना, आई."

मला मागच्या अंगणात दोन बाकांवर आडवं घातलं. धूळ छातीत जाऊ नये म्हणून नेयाला शेजाऱ्यांकडे ठेवलं, आणि केझायाने स्वतःच्या नाकातोंडाला फडकं बांधलं. सुटे पापुद्रे खरवडले, साबणाच्या पाण्याने मला धुतलं, वाळल्यावर पॉलिश कागदाने रेषेरेषेने घासलं. दुखलं नाही असं म्हणणार नाही. मग उन्हात तिरकं बघायची. जरा कुठे चमकलं की परत तिथेच घासायची. ओल्या फडक्याने धूळ टिपून, अंग सुकल्यावर तिने प्रायमर लावला. प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर.

नाताळच्या आदल्या सकाळी तिने नखाने ओरखडून पाहिलं. वर पक्कं होतं. खालच्या टोकाला, फरशीलगत येणाऱ्या भागात, अस्तर सालीसारखं उठलं.

"एवढंसं तर आहे," ॲन्सेल्म म्हणाला. "खाली वाकून कोण बघतंय?"

"नेया. तिचा हात तिथेच पोचतो."

अर्माने बोट फिरवून वास घेतला. मेण! दर सणाला फरशी चमकवताना तिच्याच फडक्याने माझ्या पायाशी मेण चोपडलं जायचं. साबणाला ते थोडंच दाद देणार? केझायाने मेण विरघळवणाऱ्या टर्पेंटाइनची बाटली आणली, खालचा भाग पुसला, खरवडला, पहिल्यापासून सुरुवात केली. आता सणाला रंग होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

नाताळच्या दिवशी घरोघरी फिरून सणाची गाणी गाणारी मंडळी आली. एका पाहुण्याने खुशाल माझ्यावर काळ्या केकची बशी ठेवली.

"उचल ती!" अर्मा ओरडली. "दार वाळतंय."

"मावशी, सणाला दार अंगणात?"

"माझी नात दारं खाते रे बाबा. म्हणून सून ते नीट शिजवतेय."

सगळे हसले. केझायासुद्धा, कितीतरी दिवसांनी.

आज मी अजून अंगणातच आहे, नुसत्या अस्तरात. वरचा रंग व्हायचाय. चमक गेली, तोराही गेला, पण आता माझ्या अंगावरून काही सुटत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी वॉर्निशच्या दारावर रंग मारायला निघालं असेल, तर एवढं सांगा: आधी तेल-मेण पुसा, मग चमक जाईपर्यंत घासा, धूळ टिपा, अस्तर लावा, आणि मगच रंग. त्या घरात रांगतं मूल असेल, तर उद्यावर टाकू नका. आजच जाऊन सांगा.