शिफारशीचा रकाना

बिडकीनच्या एका माती परीक्षण केंद्राची वेबसाइट इंद्रजीतनं सिडकोतल्या खोलीवर बसून बनवली होती. शेतकऱ्यानं नमुन्याचा क्रमांक टाकला की अहवालाची पीडीएफ तयार होऊन तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडायची. साइट भाड्याच्या सर्व्हरवर होती; दर एकदोन दिवसांनी, किंवा काही बदल केला की, ती नव्यानं सुरू व्हायची आणि फोल्डर आपोआप रिकामं व्हायचं. खऱ्या नोंदी वेगळ्या जपलेल्या असल्यानं अहवाल पुन्हा काढता यायचा. कुणाचं काही अडत नव्हतं.

नोंदी करायला केंद्रात दीपमाला होती. साइट नीट चालते का, हे बघायला ती रोज सकाळी एक खोटा अहवाल काढायची आणि त्याची लिंक इंद्रजीतला पाठवायची. आठवडाभर त्यात नुसतं 'अबक' असायचं. मग एके दिवशी आलं: 'शेतकरी: इंद्रजीत, रा. पाचोड. जमीन: भारी, पण निचरा नाही. शिफारस: वेळेवर जेवावं.'

तो एकटाच हसत बसला. मग त्यानंही तिच्या नावाचा एक अहवाल काढून धाडला.

वर्षभर हे चाललं. गाठभेट चारदोनदाच झाली, तीही केंद्रप्रमुख साहेबरावांच्या समोर. फोनवर कामाचंच बोलणं. बाकी सगळं शिफारशीच्या रकान्यात. एकदोन दिवसांत पुसलंच जाणार, म्हणून दोघंही धीटपणे लिहायची. हे खोटे अहवाल नोंदींमध्ये शिरू नयेत, याची तजवीज इंद्रजीतनं स्वतःच करून ठेवली होती.

मार्चात दीपमालाला नाशिकला नोकरी लागली. तिच्या शेवटच्या दिवशी लिंक आली तेव्हा इंद्रजीत पाचोडला चुलतभावाच्या साखरपुड्यात होता. पाहुण्यांच्या गर्दीत कशाला, निवांत वाचू, म्हणून त्यानं ती उघडली नाही. दुपारी साहेबरावांचा फोन आला, "अरे, अहवालावर गावाची नावं चुकीची यायलीत." इंद्रजीतनं मंडपामागं लॅपटॉप उघडला, चूक सुधारली, साइट नव्यानं सुरू केली. हात धुऊन जेवायला बसणार, तेवढ्यात त्याला लिंक आठवली.

'फाइल सापडली नाही.'

संध्याकाळी त्यानं फोन केला. दीपमाला बसमध्ये होती.

"तुझा आजचा अहवाल माझ्याच हातानं गेला. काय होतं त्यात?"

"तू वाचला नाहीस?"

"नाय."

"मला वाटलं, वाचून गप्प बसलास."

"परत लिही की."

"शेजारी मामा बसलेत, इंद्रजीत. ठेवते."

त्या रात्री त्यानं सगळ्या फाइली कायमच्या जागी साठवण्याची सोय केली. आता तिथं हजारो अहवाल आहेत, नत्र, स्फुरद, पालाश. कुठल्याही गावचे, केव्हाही उघडा. दीपमालाच्या जागी आलेला अतुल साहेबरावांना सांगतो, साइट लई झ्याक झाली.

दिवाळीत इंद्रजीतनं पुन्हा फोन केला. इकडचंतिकडचं झाल्यावर विचारलं, "त्या दिवशी काय लिहिलं होतंस?"

"आठवत नाही आता," ती लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की तिला शब्दन् शब्द आठवतो हे त्याला कळलं. मग ती हळूच म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. तुला सांगायचं होतंच."

"चांगलं झालं," तो म्हणाला. "तारीख कधीची?"

तिनं तारीख सांगितली. त्यानं ती समोरच्या कागदावर लिहून घेतली आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ पेन हातात धरून बसून राहिला.