लख्ख परात

पाहुणचारासाठी नावाजलेल्या हाइलसारख्या अरबी गावात उपाशी माणूस शोधून काढणं हे काही खायचं काम नाही, हे अबू सत्ताम यांना तिसऱ्याच दिवशी कळून चुकलं.

त्यांची तीस वर्षं शाळा तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर मोहल्ल्याच्या अन्नराखण समितीने त्यांना पकडलं आणि हातात फॉर्मांचा गठ्ठा दिला. शिधा पुरत नाही अशी चाळीस घरं शोधायची. त्यांना दर महिन्याला तांदूळ, तेल, मसूर, दूधपावडर असं एक खोकं जाणार होतं. प्रश्न सोपे होते. घरात माणसं किती? गेल्या महिन्याभरात कुणाला उपाशी राहावं लागलं का? असल्यास कारण? पण ज्याला विचारावं तो आधी दुखावल्यासारखा बघे, मग अल्लाहची कृपा आहे म्हणे, आणि लगेच आत हाक मारून जेवण मागवी. प्रश्न उपासाचा आणि उत्तर म्हणून समोर भाताचा डोंगर. अबू सत्ताम पार चक्रावून गेले. दुकानांच्या फळ्या मालाने वाकलेल्या, लग्नातलं निम्मं अन्न कचऱ्यात जातंय, आणि समिती म्हणते लोक उपाशी आहेत. मग ते आहेत तरी कुठे? की समितीच खुळी?

यादी आज संध्याकाळी बंद व्हायची होती. एकोणचाळीस घरं शेजाऱ्यांच्या कुजबुजीवरून कशीबशी जमली होती. चाळिसावं नाव मशिदीच्या इमामांनी हळूच सांगितलं. दुहैम नावाचे म्हातारे, पूर्वी ट्रक चालवायचे. नवऱ्याने टाकलेली मुलगी तीन पोरं घेऊन त्यांच्याकडे आली होती, आणि पोरांचे कागद अजून बापाच्या नावावर असल्यामुळे सरकारी मदत अडकून पडली होती.

"तोंडाने सांगायचा नाही तो," इमाम म्हणाले होते. "तुम्हीच बघा आणि ठरवा."

म्हणून अबू सत्ताम दुपारच्या नमाजानंतर दुहैम यांच्या बैठकीत येऊन बसले आणि डोळे उघडे ठेवून बघू लागले. गालिचा जुना होता, पण झाडलेला. कॉफीला वेलचीचा घमघमाट होता. खजूर चांगल्यापैकी होता. त्यांनी प्रश्न वाचला, तसे दुहैम हसले. आमच्या घरात पाच माणसं आणि पन्नासांचं अन्न आहे, म्हणाले. मग आत गेले. पडद्यामागे मुलीशी काहीतरी हलक्या आवाजात बोलणं झालं, आणि थोड्या वेळाने परात आली.

परात मोठी होती. भात तिच्यात पसरून घातला होता आणि मधोमध एक अख्खी कोंबडी. दुहैम जुन्या वळणाचे, पाहुण्याबरोबर जेवायला बसेनात. उभ्यानेच आग्रह करत राहिले.

"खा, अबू सत्ताम. तुम्ही तर काहीच घेतलं नाही. माझी शपथ आहे, ही तंगडी संपवा."

आता अबू सत्ताम मोठ्या पेचात पडले. भूक मुळीच नव्हती; आदल्या दोन घरी गळ्यापर्यंत झालं होतं. पण गेल्याच जुम्म्याला त्यांनी मशिदीच्या अंगणात भाषण ठोकलं होतं, की देशात धान्य समुद्रापलीकडून येतं, तेव्हा परातीत शीतसुद्धा टाकू नका. बोलणाऱ्यानेच टाकायचं? त्यांनी पट्टा सैल केला आणि नेटाने जेवायला सुरुवात केली. तंगड्या संपवल्या, छाती संपवली, कडेचा भात बोटाने गोळा करून खाल्ला. हळूहळू दुहैम यांचा आग्रह बंद पडला. त्यांचा चेहराही उतरला. परात कमी पडली म्हणून यजमानाला लाज वाटली असणार, असं समजून अबू सत्ताम यांनी त्यांना धीर दिला.

"रिकामी परात म्हणजे अपमान, हे आता जुनं झालं," ते ढेकर देत म्हणाले. "आता लख्ख परात हाच मान. मी दर महिन्याला चक्कर टाकणार आहे, बघा."

गाडीत बसून त्यांनी फॉर्मवर 'नाही' लिहिलं. पाहुण्याला अख्खी कोंबडी वाढणारं घर गरजू कसं? मनाला मात्र पटेना. इमाम खोटं बोलणारे नव्हते. त्यातच ध्यानात आलं, की दुहैम यांची सही घ्यायची राहिली. ते उतरून परत गेले. बैठकीचं दार उघडंच होतं, आणि पडदा निम्मा सरकलेला.

आत फरशीवर तीच परात होती. भोवती तीन पोरं बसली होती. त्यांची आई काल-परवाच्या रोट्या चहात बुडवून एकेकाच्या हातात देत होती. धाकटी मुलगी कोंबडीचं हाड उलटसुलट करून बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "तो पाहुणा पुढच्या महिन्यात खरंच येणार?"

"हळू बोल," दुहैम म्हणाले. "पाहुणा पोटभर जेवून गेला, आपलं नाव राहिलं."

अबू सत्ताम दाराशी थिजून उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या घरी बायकामुलांची परात आता वेगळी भरली जाते, कित्येक वर्षं झाली. पण लहानपणी तेसुद्धा असेच पडद्याआड उभे राहून पाहुण्यांचे घास मोजत असत. मोठी माणसं कडेकडेने जेवायची, मधला भात आणि चांगलं मांस हात न लावता सोडून उठायची. ती टाकत नव्हती, आतल्या बायकापोरांसाठी ठेवत होती. हे आपण कधी विसरलो, ते त्यांना काही केल्या आठवेना.

सही न मागता ते पाय न वाजवता गाडीत परतले. आत जाऊन माफी मागावी तर दुहैम यांचं राखलेलं नाव जाणार. खोकं द्यावं तर 'नाही' म्हणणाऱ्याला कुठल्या तोंडाने द्यायचं? मग त्यांनी 'नाही' खोडलं आणि 'हो' लिहिलं. त्याखाली कारणाचा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'मी जेवलो.' दुहैम यांच्या सहीच्या जागी त्यांनी स्वतःची सही केली.