चाळिसावा थेंब

बहीण-भावाची कंपनी दोन खोल्यांची. बाहेर बहीण चित्रं काढायची, आत भाऊ प्रोग्राम लिहायचा. मधलं दार त्यांनी काढून टाकलं होतं. दिवसभर भांडायला ते आड येई.

ती या बहीण-भावाकडं आली ती सही करायला. तिच्या वडिलांनी चाळीसेक वर्षांपूर्वी लिहिलेला एक कॉम्प्युटरचा खेळ हे दोघं नव्यानं बनवत होते. वडील चार महिन्यांपूर्वी गेले, त्यामुळे होय-नाही म्हणायचा हक्क आता तिचा होता.

वडील पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. दर तासाला पाण्याचा दाब नोंदवहीत लिहायचा, ही नोकरी. सुटीच्या दिवसांत त्यांनी तो खेळ लिहिला. त्यात एकही चित्र नव्हतं. पडद्यावर ओळ यायची, ‘तू पंपघराच्या तळात आहेस. उत्तरेला झडप आहे.’ आपण ‘झडप फिरव’ असं टाइप करायचं, मग पुढं काय झालं ते खेळ सांगायचा. हातात एक दिवा. त्यात दीडशे थेंब तेल, आणि दर आज्ञेला एक थेंब जळायचा. तेल संपलं की अंधार, खेळ खलास.

नव्या खेळातलं पंपघर खऱ्यापेक्षाही देखणं होतं. भिंतीवरून पाणी झिरपताना दिसत होतं. तिला ते मनापासून आवडलं.

“टाइप कुठं करायचं?” तिनं विचारलं.

“करायचंच नाही,” भाऊ आतून म्हणाला. “झडपेवर बोट ठेवा, फिरते.”

“आणि भलतंच काही करायचं असेल तर?”

“भलतंच कोण कशाला करेल?”

“आम्ही करायचो.”

खेळाची अर्धी गंमत त्यातच होती. ‘भिंत खा’ असं टाइप केलं की उत्तर यायचं, ‘खारट आहे. अर्धी उद्याला ठेव.’ ‘पाण्याला शिव्या दे’ म्हटलं की, ‘दिल्या. पाणी वाहतंच आहे.’ ती, मावशी, शेजारचे, जो कोणी खेळायला बसे आणि खेळाला न कळणारं काही टाइप करी, ते वडील एका वहीत टिपून घेत. दुसऱ्या दिवशी त्यावर उत्तर तयार. एरवी या माणसाच्या तोंडून शब्द काढायला पाना लागतो, असं मावशी म्हणायची. अशी दोनशे चौदा उत्तरं होती. त्यांनी मागं ठेवलेलं सगळं बोलणं म्हणजे जवळजवळ तेवढंच.

“ती उत्तरं जुन्या फाइलीत आहेत,” भाऊ म्हणाला. “पण बोट ठेवून खेळलं की तिथवर कुणी पोचतच नाही. म्हणून काढली.”

“मग मी सही करत नाही,” ती म्हणाली. स्वल्पविराम राहिलाय हे लेखकाला सांगताना तिचा जो आवाज असे, त्याच आवाजात. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची.

“घ्या!” बहीण खुर्चीसकट वळली. “तरी मी म्हणत होते, आधी विचार. पण आमचे शहाणे विचारतील तर ना!”

“अहो ताई, टाइप करायची पट्टी घालायला मला अर्धा दिवस पुरेल. पण दोनशे चौदा वेडेपणे तपासणार कोण? काय लिहिलं की काय येतं, मला काय माहीत?”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

भावानं पट्टी आणि उत्तरं परत घातली. सोमवारी ती वडिलांची वही घेऊन आली आणि टाइप करत बसली. दिवा विझला की पुन्हा पहिल्यापासून. बरोबर आलं की वहीत पेन्सिलीची खूण, चुकलं की वेगळ्या कागदावर नोंद. तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकशे सत्त्याऐंशीव्या नोंदीवर पोचली. तेव्हा तेल चाळीस थेंब होतं.

ती नोंद तिची स्वतःची होती. नऊ वर्षांची असताना ती शेवटच्या बोगद्यापर्यंत पोचली होती आणि एकच थेंब उरला होता. रागानं तिनं टाइप केलं, ‘रड’. खेळ म्हणाला, ‘समजलं नाही,’ थेंब जळला आणि अंधार झाला. मग ती खरोखरच रडली. वडिलांनी मागून पडदा पाहिला. तिला काही म्हणाले नाहीत, जवळही घेतलं नाही. वही काढून काहीतरी लिहिलं, एवढंच.

आता तिनं तोच शब्द टाइप केला.

‘रडून घे. मी थांबतो. झालं की पूर्वेला जा.’

शब्द न शब्द बरोबर होता. तेल मात्र एकोणचाळीस झालं होतं. तिनं कागदावर लिहिलं, ‘१८७. हवे ४०. दिसते ३९.’

भावानं ते वाचलं. “अहो, ही जुनीच चूक होती. सगळ्या आज्ञांना एक थेंब जातो, या एकीलाच जात नव्हता. माझ्या नजरेला आलं म्हणून दुरुस्त केली.”

“चूक नाही ती.”

“कशावरून?”

तिनं वही त्याच्यापुढं सरकवली. पंपावरच्या नोंदीसारखेच रकाने आखलेले होते. तारीख, शब्द, उत्तर, तेल. तेलाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक, एक, एक. फक्त या ओळीत शून्य, आणि त्यापुढं बारीक अक्षरात, ‘दोनदा तपासले.’

भावानं वही जवळ ओढून तो रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला.

“बघतोस काय?” बहीण म्हणाली. “घाल परत.”

काम एका ओळीचं होतं. ती पुन्हा पहिल्यापासून खेळत चाळीस थेंबांपर्यंत आली. चार महिने मावशी फोनवर एकच सांगत होती, बाई गं, एकदा मोकळी हो. आणि ती म्हणत होती, कामं आहेत.

तिनं ‘रड’ टाइप केलं. उत्तर आलं. तेल चाळीस.

“येतंय का बरोबर?” भावानं आतून विचारलं.

“येतंय,” ती म्हणाली. पण पुढची कळ तिनं दाबली नाही.

“मग पुढचं घ्या ना, अजून सत्तावीस—”

“थांब रे जरा,” बहीण म्हणाली, आणि आपली खुर्ची खिडकीकडं फिरवून बसली.

पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. चाळीसचे चाळीस थेंब तसेच होते. किती वेळ गेला हे कुणी मोजलं नाही. मग तिनं चष्मा पुसला, वहीत एकशे सत्त्याऐंशीपुढं खूण केली आणि टाइप केलं, ‘पूर्वेला जा.’

तेल एकोणचाळीस झालं. आता ते बरोबर होतं.