नदी चालेल तशी वेळ

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं पुलाखालच्या मोजपट्टीवर नदीची पातळी वाचून वहीत लिहितेय. नदी कुणाचं ऐकत नाही, मग मी तरी का ऐकू? पण त्या दिवशी राग आला तो माझ्या सख्ख्या भाचीचाच.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसेल तर शपथ! तिनं वाचनालयाच्या मोठ्या भिंतीवर एक घड्याळ केलं होतं. काटे नाहीत, आकडे नाहीत, पडद्यावर नुसतं हळूहळू भरत जाणारं निळं वर्तुळ. पुलाखाली बसवलेलं यंत्र पाण्याची खोली आणि वेग मोजून मिनिटामिनिटाला आकडा पाठवायचं. ठरावीक पाणी पुलाखालून गेलं की एक वर्तुळ पुरं. पुरात दिवसाला साठ वर्तुळं, उन्हाळ्यात जेमतेम चार.

"मावशी, सगळे तास सारखे, हे ठरवताना नदीला विचारलं होतं का कुणी?" ती म्हणायची.

"नदीला विचारून माझी बस सुटणार आहे का?" मी म्हणायचे.

पण पोरीनं दोन वर्षं त्यात घातली होती. सहा महिने ते चाचणीवर होतं. त्या दिवशी सकाळी अकराला वाचनालयाची समिती येऊन ठरवणार होती, कायम ठेवायचं की उतरवायचं. उतरवलं असतं तर तिला दुसरी भिंत कोण देणार होतं?

आणि पावणेअकराला वर्तुळ थांबलं. तिसरं होतं, अर्धवट भरलेलं. अकराला समितीचे पाच जण आले, तरी ते जागचं हलेना.

"बंद पडलं वाटतं," अध्यक्ष म्हणाले. त्यांना सुरुवातीपासून ते नकोच होतं.

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. लॅपटॉपवरून मान वर न करता ती मला म्हणाली, "यंत्र चालू आहे, मावशी. आकडे येतायत. पण सगळे शून्य."

"अगं, मग कालचा आकडा टाक आणि मोकळी हो," मी कुजबुजले.

हे आमच्या कामातलं जुनं पाप. गुडघा दुखला, छत्री सापडली नाही, की पुलावर न जाता वहीत 'कालच्याइतकीच' लिहून टाकायचं. मीही लिहिलंय, खोटं कशाला बोलू?

"नाही. नदी थांबली असेल तर हे थांबायलाच हवं. नाहीतर ही नुसती शोभेची भिंत."

माझं डोकंच फिरलं. "बस मग कवटाळून!" म्हणत मी तणतणत बाहेर पडले. म्हणे नदी थांबली! काल कमरेएवढं पाणी मी स्वतः वाचलं होतं. पूल वाचनालयाच्या मागेच आहे. कठड्यावरून वाकून पाहिलं. दगड उघडे पडले होते. मोजपट्टी पार तळापर्यंत दिसत होती, आणि डबक्यांत मासे तडफडत होते.

वरच्या बंधाऱ्यावर फोन लावला. "दरवाजे कुणी बंद करायला सांगितले रे?"

"ताई, तुमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचाच निरोप होता," दरवाजे सांभाळणारा म्हणाला. "समितीला नदीकाठच्या पायऱ्यांवर फोटो काढायचेत, पायऱ्या कोरड्या हव्यात म्हणाले. आमच्या साहेबांनी लगेच हो म्हटलं."

मी वाचनालयात शिरले ती आवाज चढवतच. "अध्यक्षसाहेब, घड्याळ बंद नाही. नदी बंद आहे, आणि ती तुम्ही बंद केलीत! फोटोसाठी! बंधाऱ्यावरचे साहेबसुद्धा ज्याला नाही म्हणू शकले नाहीत, ते या भिंतीनं तोंडावर सांगितलं."

ग्रंथपालबाईंना हसू आवरेना. अध्यक्षांनी खिडकीशी जाऊन खाली उघडे पडलेले दगड पाहिले. मग त्यांनीच फोन काढला. "दरवाजे उघडायला सांगा. आत्ता."

"पाणी इथवर यायला पस्तीस मिनिटं लागतील," मी म्हटलं.

"एवढा वेळ वाया…"

"कुठला वेळ? या घड्याळात अजून एक क्षणही गेलेला नाही."

कुणीच गेलं नाही. वर्तमानपत्र वाचायला आलेले म्हातारे खुर्च्या फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. समितीतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "साठ वर्षं या नदीकाठी राहतेय. ती थांबलेली मला कधी कळलीच नसती." भिंगरीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

आणि निळी कड हलली. केसभर. मग आणखी केसभर.

"आली! आली!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांनी खोली दणाणली. शांतता पाळा म्हणून वर्षानुवर्षं दटावणाऱ्या ग्रंथपालबाई सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होत्या. भिंगरी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, अगदी मोठ्यानं, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. माझी पोर खरी ठरली होती!

अध्यक्षांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. 'घड्याळ कायम ठेवावे' असं स्वतःच्या हातानं लिहिलं. खाली वेळ घालायची होती. सवयीनं त्यांनी मनगट वर केलं, क्षणभर थांबले आणि भिंगरीकडे वळले.

"वेळ काय घालू, बाळ?"

"तिसरं वर्तुळ," ती डोळे पुसत म्हणाली. "नुकतंच पुन्हा चालायला लागलंय."

त्यांनी तेच लिहिलं, अक्षर न अक्षर, आणि खाली सही ठोकली.